बेताच्या पगारात वजन कमी करायचे, तर सुरुवात वाण्याच्या यादीपासून

वजन कमी करायचे म्हटले की आधी खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. ओट्स, ऑलिव्ह तेल, पावडरचा डबा, जिमची फी ही नावे ऐकूनच ज्या घरात वीस तारखेनंतर पैसे मोजून काढावे लागतात त्या घरातली बाई हा विषय बाजूला ठेवते. मीही काही वर्षे तसेच केले आणि मध्ये एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून वजन उतरवण्याची पावडर घेतली, तेव्हा त्या एका डब्यात आमची महिनाभराची भाजी गेली आणि डबा संपल्यावर वजन होते तेथेच आले. त्यानंतर मी किराण्याची यादी समोर घेऊन बसले. तेव्हा लक्षात आले की अंगावर चरबी चढवणाऱ्या ज्या वस्तू आहेत, त्याही आपण पैसे देऊनच घरी आणतो. तेल, साखर, बिस्किटे, खारी, टोस्ट आणि फरसाण यांवरचा खर्च कमी केला, तर उरलेल्या पैशांत कडधान्य, अंडी आणि भाजी येते, आणि महिन्याचा एकूण खर्च तेवढाच राहतो. सोलापुरातल्या आमच्या चार माणसांच्या घरात ही अदलाबदल कशी केली, ते पुढे लिहिते आहे.

त्याआधी आपले वजन खरोखर जास्त आहे का, हे पाहून घ्यावे. वजन किलोमध्ये घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की जो आकडा येतो, तो भारतीय माणसासाठी २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता समजली जाते. म्हणजे १५५ सेंटिमीटर, साधारण पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचे वजन ५५ किलोंच्या वर गेले की लक्ष द्यायला हवे आणि ६० च्या वर गेले की उशीर करू नये. त्याहूनही सोपी खूण कमरेची आहे. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता गुंडाळावी. बायकांमध्ये ८० सेंटिमीटर आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या पुढचे माप धोक्याचे मानतात, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर आधी साठते आणि मधुमेह, रक्तदाब तिच्याच मागोमाग येतात. वजनकाटा विकत घेण्याची गरज नाही. जवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन करता येते आणि वयाची तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखरही तेथे विनामूल्य तपासतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणात बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगणे अत्यंत आवश्यक आहे, कारण खाणे कमी झाले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर बाईने वजन उतरवण्याच्या मागे लागू नये, अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये आणि वाढत्या मुलांच्या ताटातले कमी करू नये.

आता यादीकडे वळू. मागच्या महिन्याचे वाण्याचे बिल शोधावे आणि त्यात पहिल्यांदा तेलाचा आकडा पाहावा. आमच्याकडे तो महिन्याला पाच लिटर होता. चार माणसांत पाच लिटर म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४२ मिलिलिटर, आणि तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, या हिशेबाने प्रत्येकाच्या पोटात रोज जवळजवळ ३४० कॅलरी फक्त तेलातून जात होत्या. पोळी, भात, डाळ यांच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या निम्म्याही नसतात. तेल पाच लिटरवरून अडीच लिटरवर आणले, तर माणशी रोजच्या १७० कॅलरी कमी होतात आणि तरीही दिवसाला चार लहान चमचे तेल मिळतच राहते, जे शरीराला पुरते. पैशांत पाहिले, तर आमच्याकडच्या सध्याच्या भावाने अडीच लिटर सोयाबीन तेलाचे साडेतीनशेच्या आसपास रुपये वाचतात.

तेल कमी करा असे म्हणणे सोपे आहे, पण पिशवीतून किंवा कॅनमधून थेट कढईत ओतताना हात थांबत नाही, हा प्रत्येकीचा अनुभव असेल. म्हणून महिन्याच्या एक तारखेला अडीच लिटर तेल मोजून वेगळ्या बरणीत काढावे आणि बरणीवर चिकटपट्टीच्या चार खुणा कराव्यात, म्हणजे कोणत्या आठवड्यात तेल कोठपर्यंत उतरले ते दिसते. बरणीत एक लहान चमचा कायमचा ठेवावा आणि फोडणी त्या चमच्यानेच करावी. चार माणसांच्या भाजीला पाच ते सहा लहान चमचे तेल पुरेसे होते, मात्र त्यासाठी करण्याची रीत थोडी बदलावी लागते. लोखंडी कढई आधी चांगली तापू द्यावी, तेल घालून तेही तापू द्यावे आणि मोहरी तडतडल्यावर कांदा टाकताच त्यावर चिमूटभर मीठ घालावे. मिठाने कांद्याला पाणी सुटते आणि तो त्या पाण्यातच मऊ होतो. भाजी टाकल्यावर कढईवर ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी घालावे. आपल्या आज्या असेच करत. खालची वाफ वर अडते, भाजी करपत नाही आणि ताटलीतले गरम झालेले पाणी पुन्हा भाजीतच वापरता येते. पहिले आठ दिवस घरातले लोक भाजी कोरडी लागते म्हणतील. अशा वेळी तेल वाढवू नये, थोडे गरम पाणी घालून भाजी अंगासरशी ठेवावी आणि वरून लिंबू पिळावे.

आमच्या भागात तेलाइतकाच हात सैल पडतो तो शेंगदाण्याच्या कुटाला. शेंगदाणे पौष्टिक आहेत, त्यांत प्रथिने भरपूर आहेत, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी भाकरीबरोबर दोन मोठे चमचे घेतली, तर शंभर कॅलरी तेथेच झाल्या. ही चटणी सोडायला मी कोणालाही सांगणार नाही. ताटात एक चमचा वाढून घ्यावी आणि बरणी परत फडताळात ठेवून द्यावी, ताटाजवळ आणू नये.

साखरेचा हिशेबही असाच आहे. दिवसात चार वेळा चहा आणि दर कपात दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी, आणि जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एकदम बिनसाखरेचा चहा फार थोड्यांना जमतो. आम्ही दोन चमच्यांचा दीड केला, पंधरा दिवसांनी एक केला, आणि दुपारचा एक कप बंद करून त्या वेळी ताक ठेवले. महिन्याची साखर पाच किलोंवरून अडीच किलोंवर आली. साखरेऐवजी गूळ घातला की वजन वाढत नाही, असा समज पुष्कळ घरांत आहे आणि तो महागात पडतो, कारण गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच असतात आणि भाव मात्र जास्त असतो.

चहाबरोबरची बिस्किटे, खारी, टोस्ट आणि डब्यात कायम असलेले फरसाण यांचा खर्च एकत्र कोणी मोजत नाही, कारण ते दहा-वीस रुपयांनी येत राहते. एक महिना ते वहीत लिहून ठेवावे. आमच्याकडे तो आकडा पाचशेच्या आसपास निघाला. बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास आणि फरसाणाच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेहून जास्त कॅलरी असतात. मैदा किंवा बेसन, साखर आणि तेल यांपलीकडे त्यांत फारसे काही नसते, त्यामुळे खाल्ल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते. पूर्ण बंदी केली, तर घरात कुरबुर होते आणि बंदी टिकत नाही. आम्ही पाहुण्यांसाठी एक पुडा आणि रविवारसाठी पाव किलो फरसाण एवढेच ठेवले, तेव्हा खर्च दीडशेवर आला.

आता बेरीज करा. तेलाचे साडेतीनशे, साखरेचे शंभर-सव्वाशे आणि या खाऊचे साडेतीनशे मिळून आठशेच्या आसपास रुपये मोकळे झाले. हे पैसे दुसऱ्या कोणत्या खर्चाला वळवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण नुसते कमी खाऊन वजन उतरवायला गेले, तर भूक सहन होत नाही, अंगातली ताकद जाते आणि महिन्याभरात सगळे पूर्वपदावर येते. पोट भरलेले ठेवणारे अन्न म्हणजे कडधान्य, डाळ, अंडी, ताक आणि भाजी, आणि ते सगळे याच पैशांत बसते. जादा तीन किलो कडधान्याला साधारण सव्वातीनशे, तीस अंड्यांना दोनशे-सव्वादोनशे आणि उरलेल्यात दर आठवड्याला साठ-सत्तर रुपयांची जास्तीची भाजी, असा आमचा हिशेब बसला. अंडी न खाणाऱ्या घरात त्याच पैशांत अर्धा किलो सोयाबीन वडी आणि दही येते. सोयाबीन वडीच्या वजनात निम्मी प्रथिने असतात आणि इतक्या स्वस्तात एवढी प्रथिने देणारी दुसरी वस्तू मला वाण्याच्या दुकानात दिसलेली नाही.

साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. मटकी, मूग, चवळी, हरभरा, हुलगे या सगळ्यांच्या शंभर ग्रॅममध्ये वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. तीस ग्रॅम सुक्या मटकीची उसळ, एक वाटी वरण, एक अंडे, मूठभर फुटाणे, वाटीभर दही किंवा त्याचे ताक, आणि दिवसभराच्या भाकरी-पोळ्या एवढ्यात ही गरज भागते. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून वरून वजन ठेवावे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आणि थंडीत दुसऱ्या दिवशी मोड येतात. चार माणसांना एका वेळेला सव्वाशे ग्रॅम सुकी मटकी पुरते. उसळीवर तर्री आणू नये, कारण तर्री म्हणजे वर तरंगणारे तेलच आहे. ज्या दिवशी घरी यायला उशीर होतो त्या दिवशी मुगाचे कढण करावे: मूग कुकरमध्ये मऊ शिजवून घोटावेत, पाणी, मीठ, जिरे, आले घालून उकळावे आणि जेवणाच्या दहा मिनिटे आधी वाटीभर गरम प्यावे. त्याने भुकेची धार कमी होते आणि ताटावर बसल्यावर घाई होत नाही.

धान्याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरते, हे खरे नाही. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या गव्हाच्या पिठाइतक्याच. भाकरीचा खरा फायदा असा की तिला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते आणि दीड भाकरीत पोट भरते. घडीच्या पोळीत मात्र घडीला आणि वरून मिळून एक चमचा तेल सहज जाते, म्हणजे दर पोळीमागे ४० कॅलरी. अलीकडे ज्वारीचा भाव वाढल्यामुळे रोज भाकरी परवडत नसेल, तर मन लहान करू नये. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते. त्यातल्या गव्हाचे पीठ न चाळता, कोंड्यासकट वापरून त्याचे फुलके करावेत आणि तांदूळ असेल, तर भात मोजून वाढावा. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि ताटात डावाने वाढलेला भाताचा ढीग बहुधा तीन वाट्यांचा असतो. पोळी खायची त्या वेळी भात अर्धी वाटी आणि भात खायचा त्या वेळी पोळी एक, एवढा नेम पाळला तरी मोठा फरक पडतो.

ताट वाढताना क्रम बदलावा. आधी काकडी, मुळा, गाजर, कोबी यांपैकी जे स्वस्त असेल त्याची कोशिंबीर आणि उसळ खावी, मग भाजी-भाकरी आणि शेवटी ताक-भात. आणि येथे घरातल्या बाईबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. आपल्या घरांत ती शेवटी जेवते. तोवर उसळ आणि भाजी संपलेली असते. पातेल्यात भात, आमटीचे पाणी आणि दोन पोळ्या उरलेल्या असतात, आणि त्यावर ती पोट भरते. त्यानंतर मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, सकाळचा उरलेला भात, कढईला लागलेली भाजी हे सगळे, अन्न वाया जाऊ नये म्हणून, तिच्याच पोटात जाते. दिवसभर राबूनही वजन वाढते आणि रक्तात हिमोग्लोबिन मात्र कमी असते, याचे एक मोठे कारण या शेवटच्या ताटात आहे. यावर उपाय एवढाच की स्वयंपाक झाल्याबरोबर, कोणालाही वाढण्याआधी, करणाऱ्या बाईची वाटीभर उसळ आणि वाटीभर भाजी वेगळी काढून झाकून ठेवावी. पहिल्या दिवशी संकोच वाटेल. तरीही काढावी, आणि घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी ती काढली आहे ना, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

अन्न वाया घालवू नये, हा आपला संस्कार मोलाचा आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही, पण त्याची जागा कणीक मळण्याआधी आहे. संध्याकाळी प्रत्येकाला किती पोळ्या लागणार, हे विचारून तेवढेच पीठ वाटीने मोजून घ्यावे आणि तांदूळही वाटीनेच धुवायला घ्यावेत. तरीही उरलेच, तर शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा फोडणीचा भात करताना पुन्हा तेल ओतले जाते, हे ध्यानात ठेवावे. शिळी पोळी तव्यावर कोरडी भाजून उसळीबरोबर खावी आणि उरलेला भात ताक घालून कालवावा.

भाजी आठवडी बाजारात संध्याकाळी घ्यावी. दिवेलागणीच्या सुमारास शेतकऱ्याला माल परत न्यायचा नसतो, आणि सकाळी वीस रुपयांना असलेली मेथीची जुडी दहाला मिळते. पालेभाजी त्याच रात्री निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली, तर दोन-तीन दिवस राहते. दुधी, कोबी, दोडका, मुळा, तांदुळजा, शेपू, अंबाडी या भाज्या स्वस्त असतात आणि ताटलीभर खाल्ल्या तरी कॅलरी फार होत नाहीत. बटाटा स्वस्त असला, तरी तो भाजी म्हणून मोजू नये. ज्या दिवशी बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी घ्यावी.

उपवासाच्या दिवसाबद्दल ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो आणि खिचडीत त्यावर तूप आणि कूट पडतो. उपवास करायचाच असेल, तर वरीचा भात ताकाबरोबर आणि उकडलेले रताळे, एवढे पुरेसे आहे. कामावर जाणाऱ्यांना संध्याकाळी गाडीची वाट पाहताना भूक लागते आणि समोर वडापावची गाडी असते; एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि तेवढ्या चालून खर्च करायच्या, तर सहा किलोमीटर चालावे लागते. खिशात किंवा पर्समध्ये फुटाण्यांची पुडी ठेवली, तर मूठभर फुटाण्यांनी ती वेळ निभावते.

चालण्याला पैसे लागत नाहीत. रोज पाऊण तास भरभर चालल्याने सुमारे दोनशे कॅलरी खर्च होतात आणि शेअर रिक्षाचे दहा-वीस रुपये वाचतात. बाजाराला जाताना चालत जावे, परतताना ओझे असेल, तर रिक्षा करावी. सूर्यनमस्कार येत असतील, तर सकाळी पाचपासून सुरुवात करून आठवड्याला दोन वाढवावेत. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे दहा-दहा वेळा करावे.

तेल आणि साखर निम्म्यावर आणल्याने दिवसाला अडीचशेच्या आसपास कॅलरी कमी होतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, म्हणून कागदावर महिन्याला एक किलोच्या आसपास वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात ते एका महिन्यात दीड किलो उतरते, तर दुसऱ्या महिन्यात अजिबात हलत नाही, आणि पाळीच्या आधी एखादा किलो वाढलेलेही दिसते. रोज वजन करून मनाला त्रास देऊ नये. सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते, म्हणून पहिले लक्ष्य तेवढेच ठेवावे आणि त्याला चार महिने द्यावेत. टेप नसेल, तर साधी सुती दोरी बेंबीवरून गुंडाळून जेथे टोक मिळते तेथे गाठ मारावी आणि ती दोरी किराण्याच्या वहीत ठेवावी. दर महिन्याला यादी लिहायला बसण्याआधी तीच दोरी पुन्हा गुंडाळून पाहावी. गाठ टोकाच्या पलीकडे सरकली असेल, तर यादी तशीच ठेवावी. सरकली नसेल, तर तेलाच्या बरणीवरच्या खुणा पाहाव्यात, कोणत्या आठवड्यात तेल लवकर संपले ते आठवावे, त्या आठवड्यात काय तळले होते ते वहीत लिहावे आणि पुढच्या यादीत पाव लिटर तेल कमी करून त्या पैशांत पाव किलो मटकी वाढवावी.